नवा रेडिओ घ्या म्हणण्याआधी : डिजिटल प्रसारणवाल्यांना खुले पत्र

प्रति,
रेडिओ प्रसारण संस्था, वारंवारता वाटून देणारे नियामक आणि रेडिओसेट बनवणारे उत्पादक यांस,

स. न. वि. वि.

घराघरात एफएम सेट आहेत, बहुतेक नीट चालतात, आणि तुम्ही श्रोत्याला सांगता की आता नवा डिजिटल सेट घ्या. कशासाठी, असे विचारले की तीन उत्तरे मिळतात : आवाज स्वच्छ, स्टेशने जास्त, खरखर नाही. तिन्ही उत्तरे खरी ठरू शकतात. पण ती खरी ठरवणे श्रोत्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. श्रोत्याने कितीही भारी सेट आणला तरी हवेतून जे येतच नाही ते त्याच्या स्पीकरमधून निघणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून सेट घ्यावा की नाही याबद्दल श्रोत्याला उपदेश करण्याऐवजी हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत.

आधी पैशांचा हिशेब. डॅब+ या डिजिटल रेडिओ पद्धतीत १.५३६ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका गठ्ठ्यात, म्हणजे मल्टिप्लेक्समध्ये, ८६४ क्षमता-एकके असतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या ३-ए या संरक्षण पातळीवर (चूकदुरुस्तीसाठी किती जादा बिट ठेवायचे ते ही पातळी ठरवते) त्यातून सेकंदाला ११५२ किलोबिट माहिती जाते. प्रत्येक स्टेशनला ६४ किलोबिट दिले तर १८ स्टेशने एकाच ट्रान्समीटरमधून, एकाच मनोऱ्यावरून जातात. एफएमला याच कामासाठी १८ ट्रान्समीटर, तितक्या वारंवारता आणि मोठे वीजबिल लागते. प्रत्येक स्टेशनमागचा प्रसारणाचा खर्च घटतो, आणि घटलेला खर्च तुमच्या वहीत जमा होतो. नवा सेट मात्र श्रोता पदरमोड करून घेतो, तोही एक नव्हे : स्वयंपाकघरातला, उशाशी गजर लावायचा, गाडीतला, आईवडिलांच्या खोलीतला. ज्याची बचत होते तो एक आणि ज्याचा खर्च होतो तो दुसरा, अशी ही रचना आहे. तिच्यात गैर काही नाही, पण मग बचतीतला वाटा चांगल्या आवाजाच्या, चांगल्या पोहोचीच्या आणि नव्या कार्यक्रमांच्या रूपाने श्रोत्याकडे परत गेला पाहिजे. तो जातो का, हे तपासण्याची सोय आज श्रोत्याकडे जवळपास नाही.

आवाजाचेच घ्या. 'डिजिटल' हा शब्द दर्जाची हमी देत नाही. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. सिग्नल जोरदार असेल आणि स्टेशनने आवाज अति दाबून सपाट केला नसेल, तर चांगल्या सेटवर तो ऐकायला फार सुरेख लागतो. डॅब+ मध्ये ६४ किलोबिटचा उपप्रवाह, म्हणजे एका स्टेशनचा वाटा, घेतला तर त्यातला बारावा हिस्सा रीड-सोलोमन या चूकदुरुस्तीच्या जादा बिटांना जातो आणि आवाजाला उरतात जेमतेम ५८. बदलत्या स्लाइड आणि मजकूर त्यातूनच काढायचा असतो, म्हणजे आणखी थोडे कमी. एचई-एएसी ही संक्षेपणाची पद्धत हुशार आहे : वरच्या पट्टीतले सूर ती पूर्ण पाठवत नाही, खालच्या पट्टीवरून ते पुन्हा कसे घडवायचे याच्या सूचना पाठवते. बोलण्याला हे छान चालते. टाळ, झांजा, सतारीच्या तरफा, श्रोत्यांच्या टाळ्या आल्या की घडवलेले सूर कानाला वाळूसारखे लागतात. बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारे किलोबिट, ४८ च्या खाली नेला की बहुधा स्टिरिओही 'सूचनांवरून' उभा केला जातो. डावा-उजवा भास होतो, वाद्यांच्या जागा मात्र धूसर होतात. ९६ किलोबिटला डॅब+ निःसंशय चांगला वाजतो. मल्टिप्लेक्समध्ये १८ ऐवजी १२ स्टेशने घेतली की प्रत्येकाला ९६ मिळतात. म्हणजे दर्जा यंत्रात अडलेला नाही, वाटपात अडलेला आहे. शिवाय स्टुडिओतून मल्टिप्लेक्सपर्यंत आवाज आधीच एकदा कमी बिटांत दाबून आणला असेल तर पुढे कितीही बिट द्या, गेलेले परत येत नाही. ही चूक सर्रास होते आणि तिची नोंद कुठल्याच पत्रकात नसते.

हे सगळे श्रोत्याला दिसायला हवे. बऱ्याच सेटवर 'इन्फो' बटण दोन-चार वेळा दाबले की पडद्यावर '४८ केबीपीएस, डॅब+' अशी ओळ येते. ती ओळ तुम्ही स्वतः, प्रत्येक स्टेशनसमोर, स्टिरिओ की मोनो यासह जाहीर करा. आणि बिट कमी करणार असाल तर आधी सांगा. नवे स्टेशन आत घ्यायचे म्हणून जुन्याचे ८० चे ६४ आणि ६४ चे ४८ होतात, स्टिरिओचे मोनो होते, आणि सेट बिघडला की काय म्हणून श्रोता दुरुस्तीवाल्याकडे जातो.

आता विश्वासाबद्दल, कारण या विषयातला सर्वांत दुखरा भाग तोच आहे. नवा सेट घेणारा माणूस तुमच्या शब्दावर दहा-पंधरा वर्षांसाठी पैसे गुंतवतो. बीबीसीने डॅब, म्हणजे डॅब+ च्या आधीच्या पद्धतीचे, प्रसारण सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केले. तेव्हाची संक्षेपणाची पद्धत एमपेग लेयर-२ होती आणि तिला चांगल्या स्टिरिओसाठी १९२ किलोबिटच्या आसपास लागत. जागा पुरेना म्हणून अनेक सेवा १२८ वर आल्या, काही मोनो झाल्या. डॅब+ चे मानक २००७ मध्ये आले, पण तोवर विकले गेलेले जुने सेट ते उलगडू शकत नव्हते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून देशव्यापी मल्टिप्लेक्सवर डॅब+ सेवा सुरू झाल्या, तेव्हा जुन्या सेटवर स्टेशनचे नाव दिसायचे आणि आवाज यायचा नाही, किंवा नावही दिसायचे नाही. कॅनडाने १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झचा वेगळाच पट्टा निवडला, पुढे सगळे गुंडाळले आणि तिथले सेट निरुपयोगी झाले. फिनलंडने २००५ मध्ये डॅब थांबवले, हाँगकाँगने २०१७ मध्ये, आयर्लंडच्या आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२१ मध्ये. डीआरएम या दुसऱ्या डिजिटल रेडिओ पद्धतीचीही गोष्ट अशीच. त्यात एक्सएचई-एएसी ही संक्षेपणाची जास्त कार्यक्षम पद्धत नंतर आली आणि आधीच्या सेटना ती कळत नाही. यातला प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळी समजण्याजोगा असेल. पण ज्याने सर्वांत आधी विश्वास टाकला त्यालाच प्रत्येक वेळी फटका बसला, आणि ही गोष्ट लोक विसरत नाहीत.

पोहोचीचे नकाशे हा दुसरा मुद्दा, आणि इथे जरा थांबायला हवे. 'लोकसंख्येच्या इतक्या टक्क्यांपर्यंत पोहोच' असे तुम्ही छापता. पोहोच कुठे? छपरावरच्या एरियलला, चालत्या गाडीला, की कपाटावर ठेवलेल्या सेटला? नियोजनात क्षेत्रबल, म्हणजे सिग्नलचा जोर, नेहमी १० मीटर उंचीवर मोजतात. सेट असतो दीड मीटरवर. २०० मेगाहर्ट्झच्या आसपास एवढ्या उंचीच्या फरकाने साधारण १२ डेसिबल जातात. भिंतींतून आत येताना सरासरी आणखी ९ डेसिबल. एकूण २१ डेसिबल म्हणजे शक्ती सव्वाशेव्या भागावर आली. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट असेल, खिडक्यांना उष्णता परतवणारी धातूचा मुलामा दिलेली काच असेल, तर घट याहून मोठी. एफएमला एवढी घट झाली तर थोडी खरखर येते आणि बातम्या तरी कळतात. डिजिटल सेट गप्प होतो. म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे की छपरावर, गाडीत आणि घरात असे तीन नकाशे वेगवेगळे द्या, घरातला नकाशा तळमजल्याचा धरा, आणि ज्या ठिकाणी शंभरपैकी पन्नास जागी सेट लागतो ती ठिकाणे 'पोहोच आहे' यात मोजू नका. डिजिटलसाठी शंभरपैकी ९५ च्या खालचा आकडा घरात कामाचा नाही.

सिग्नल काठावर असताना काय होते हे जवळून ऐकल्याशिवाय कळत नाही. लेयर-२ च्या जुन्या डॅबमध्ये आवाज उकळत्या चिखलासारखा बुडबुडायला लागतो. डॅब+ मध्ये शब्द सरळ गिळला जातो : वाक्याच्या मध्ये अर्धा सेकंद शांतता, पुन्हा आवाज, पुन्हा शांतता. कान खरखरीमागचे शब्द ओळखतो, शांततेमागचे ओळखता येत नाहीत. एफएमवर स्टिरिओ बंद करून मोनो केले की खरखर एकदम उतरते. डिजिटलमध्ये श्रोत्याच्या हातात असला काहीच उपाय नाही.

आणखी एक विचित्र प्रकार : सेटवरच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, तरी आवाज तुटतो. कारण पट्ट्या सिग्नलचा जोर दाखवतात, त्यातल्या चुका दाखवत नाहीत. एकाच वारंवारतेवर अनेक ट्रान्समीटर चालवले की एकाचा सिग्नल दुसऱ्याला मदत करतो, पण फक्त २४६ मायक्रोसेकंदांच्या आत पोहोचला तर. म्हणजे अंतरातला फरक साधारण ७४ किलोमीटरच्या आत हवा. त्यापलीकडचा ट्रान्समीटर, डोंगरमाथ्यावरून किंवा पाण्यावरून जोरात आला, तर तोच गोंगाट होतो. यावर उपाय ट्रान्समीटरची वेळ पुढेमागे जुळवणे हा आहे आणि तो तुमच्याच तंत्रज्ञांनी करायचा आहे. श्रोता बिचारा नवा एरियल विकत घेत बसतो.

एरियलबद्दल तर सेटच्या पुस्तिकेत 'पूर्ण बाहेर काढा' एवढेच लिहिलेले असते, आणि ते बहुधा चुकीचे असते. डॅबचा पट्टा १७४ ते २४० मेगाहर्ट्झचा. २०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी दीड मीटर, तिचा चौथा हिस्सा साडेसदतीस सेंटिमीटर. एफएमसाठी लागतात साधारण ७५. म्हणजे एफएमसाठी पूर्ण ताणलेली दांडी डॅबसाठी निम्मी आत सरकवायची आणि उभी धरायची, कारण डॅबचे प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी उभ्या ध्रुवणाचे असते. तिरपी दांडी म्हणजे सिग्नल कमी. सेट खिडकीजवळ, एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर आणि वायफायची डबी यांपासून मीटरभर लांब ठेवायचा. या स्वस्त चार्जरांमधले स्विचिंग नेमके याच पट्ट्यात घाण पसरवते. चार्जर काढून सेट सेलवर चालवला आणि स्टेशन लागले, तर दोष सेटचा नाही, चार्जरचा. ही चार वाक्ये सेटच्या खोक्यावर छापली तर 'लागत नाही' म्हणून परत येणारे कितीतरी सेट परत येणार नाहीत.

सेलांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. दोन पेन्सिल सेलांत मिळून साधारण ६ वॅट-तास ऊर्जा असते. ६० मिलिवॅट खाणारा साधा एफएम सेट त्यावर शंभर तास चालेल. डिजिटल सेट ६०० मिलिवॅट घेत असेल तर दहा तास, आणि जास्त प्रवाह ओढल्यावर सेल आपली पूर्ण ऊर्जा देत नाहीत म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. नव्या चिप कमी खातात हे खरे, पण मग खोक्यावर तास लिहा : किती आवाजावर, पडद्याचा दिवा चालू की बंद, कोणते सेल घालून. 'दीर्घकाळ चालतो' या शब्दांना काही अर्थ नाही. वीज नसताना, रस्ते बंद असताना, मोबाइलचे टॉवर बसलेले असताना रेडिओ म्हणजे चालणारा रेडिओ. डिजिटल पद्धतीत संकटाचा इशारा देऊन झोपेतला सेट आपोआप जागा करण्याची सोय आहे, आणि नवा सेट घेण्याचे ते फार मोठे कारण होऊ शकते. पण ज्या सेटचे सेल दुसऱ्या दिवशी संपतात त्याच्यात ही सोय असून काय उपयोग?

दृष्टिहीन आणि वयस्क श्रोत्यांचा विचार तर या सगळ्यात जवळजवळ राहूनच गेला आहे. जुन्या सेटचे चाक बोटांनी फिरवले की कोणते स्टेशन कुठे आहे हे हाताला पाठ असते. डिजिटल सेट यादी दाखवतो, आणि यादी डोळ्यांनी वाचायची असते. फेरशोध झाला की क्रम बदलतो, काल सातवे असलेले स्टेशन आज अकरावे. मल्टिप्लेक्सची फेररचना झाली की स्टेशन गायबच, जोवर कुणी मेन्यूत शिरून पुन्हा 'स्कॅन' करत नाही तोवर. रेडिओ ज्याची दिवसभराची सोबत आहे त्या माणसाला हा सेट आपला वाटत नाही आणि तो कपाटात जातो. उपाय अवघड नाहीत : हाताला लागणारी निदान चार ठाम बटणे, त्यांवर पक्की बसलेली स्टेशने, यादी बोलून दाखवणारा आवाज, आणि सेट बंद असताना रात्री आपोआप फेरशोध. हे नसलेल्या सेटला कुठलेही मानकचिन्ह देऊ नये.

उशिराचेही खरे सांगायला हवे. संक्षेपण, विणकाम (बिटांचा क्रम मिसळून पाठवणे) आणि उलगडणे यांत आवाज काही सेकंद मागे पडतो. वेळेचे ठोके उशिरा पडतात, एका खोलीत एफएम आणि दुसऱ्या खोलीत डिजिटल लावले तर घरभर प्रतिध्वनी येतो. जाता जाता, अमेरिकेत २००२ पासून चालणाऱ्या एचडी रेडिओ या डिजिटल पद्धतीत डिजिटल सिग्नल तुटला की सेट त्याच स्टेशनच्या अॅनालॉगवर उतरतो, ही फार चांगली सोय. पण प्रसारकाने दोन्हींची वेळ जुळवलेली नसेल तर तेच दोन-तीन शब्द पुन्हा ऐकू येतात, आणि एचडी-२, एचडी-३ या जादा सेवांना उतरायला अॅनालॉग नसतेच, त्या सरळ बंद पडतात.

मग सेट घेण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो कुठे आहे हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. जिथे एफएमचा पट्टा भरून गेला आहे आणि नव्या भाषेला, नव्या संगीताला, छोट्या समूहाच्या स्टेशनला जागाच नाही, तिथे डिजिटलने दार उघडते. डोंगराळ भागात गाडीतून जाताना एफएममध्ये परावर्तनाने जी फुसफुस येते ती डॅबमध्ये नसते. आणि मध्यमलहरींवर तर फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे : ९ किंवा १० किलोहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात डीआरएम साधारण २० किलोबिट नेते, आणि जिथे टेलिफोनसारखा दबका, रात्री लांबच्या स्टेशनांनी गढूळ झालेला आवाज येत होता तिथे स्वच्छ भाषण येते, शेकडो किलोमीटरपर्यंत. आकाशवाणीने मध्यमलहरींचे अनेक ट्रान्समीटर डीआरएमसाठी सक्षम केले आहेत, काही मोटारींत ते ऐकणारे सेटही आहेत. पण घरात ठेवायचा साधा सेट सहज मिळत नसेल तर त्या ट्रान्समीटरांची मेहनत कुणाच्या कानी पडणार?

मोबाइलवर तर सगळेच ऐकता येते, असे म्हणणारेही तुमच्यात आहेत. ६४ किलोबिटने तासाला जवळपास २९ मेगाबाइट डेटा जातो, रोजचे चार तास धरले तर महिन्याला साडेतीन गिगाबाइट. शिवाय कोण काय ऐकतो याची नोंद कुठेतरी राहते. हवेतून येणाऱ्या रेडिओला हजार ऐकोत की दहा लाख, तोच खर्च, आणि कुणाची नोंद नाही. डिजिटल रेडिओचे हे बळ तुम्ही जाहिरातींत कधी सांगतच नाही.

एफएम बंद करण्याच्या घाईबद्दल थोडेच. नॉर्वेने ११ जानेवारी २०१७ ला नूरलान प्रांतापासून सुरुवात करून त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले, स्थानिक स्टेशने मात्र एफएमवर राहिली. स्वित्झर्लंडच्या एसआरजी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ३१ डिसेंबर २०२४ ला एफएम थांबवले. ब्रिटनमध्ये निदान २०३० पर्यंत एफएम ठेवावे असा सल्ला २०२१ च्या आढाव्याने दिला. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींतल्या रेडिओला डिजिटल प्रसारण पकडता आलेच पाहिजे असा नियम केला, आणि आमच्या मते हाच मार्ग शहाणपणाचा : सेट आधी लोकांच्या हाती आपसूक पोहोचू द्या. बंद करण्याची तारीख मग ठरवा.

आमच्या मागण्या त्यामुळे बारीक आणि मोजता येण्याजोग्या आहेत. नियामकाने परवान्यातच प्रत्येक सेवेचा किमान बिटरेट लिहावा, संगीताला ९६ च्या खाली नाही, आणि निवडलेली पद्धत किती वर्षे बदलणार नाही ते तारखेसह जाहीर करावे. ती तारीख पाळली नाही तर जुन्या सेटच्या बदल्यात नवा देण्याचा खर्च प्रसारकाने उचलावा. उत्पादकांनी एफएम नसलेला डिजिटल सेट बाजारात आणूच नये, आणि सॉफ्टवेअर बदलून नवी पद्धत शिकता येईल अशी चिप व यूएसबीची सोय द्यावी. प्रसारकांनी एफएमवर आहे तेच डिजिटलवर पुन्हा ऐकवून त्याला 'जादा स्टेशने' म्हणू नये. पहिल्या वर्षात निदान दोन अशा सेवा द्याव्यात ज्या दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाहीत, आणि त्यांच्यासाठी माणसे नेमावीत, गाण्यांची यादी फिरवणारे यंत्र लावून मोकळे होऊ नये.

आणि नवा सेट विकताना दुकानात तो चालू करून दाखवायचा असेल, तर दुकानाच्या छपरावरच्या एरियलला जोडून दाखवू नका. त्याची स्वतःची दांडी साडेसदतीस सेंटिमीटर बाहेर काढा, आत भिंतीजवळ ठेवा, आणि लागला तर विका.

कळावे,
श्रोत्यांच्या बाजूने,
रेडिओचे तंत्र जाणणारे आम्ही काही जण